फवारणी पंपाच्या बॅटरीसाठी हातात मावणारा स्पॉट वेल्डर: वापरानंतरचा अभिप्राय

बॅटरीवर चालणारा पाठीवरचा फवारणी पंप कोल्हापूर जिल्ह्यात आता गावोगाव दिसतो. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या भाजीपाल्यात तो जवळजवळ वर्षभर चालतो, तर भुदरगड-राधानगरीकडे भाताच्या आणि उसाच्या हंगामात. पंप वर्षानुवर्षे टिकतो, पण त्यातली १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी मात्र हंगाम संपल्यावर चार्ज न करता तशीच पडून राहते आणि पुढच्या हंगामात उठत नाही. अशा पंपांना लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचा पॅक घरीच बांधून बसवता यावा, एवढ्या मर्यादित हेतूने मी पॉवर बँकेच्या आकाराचा एक स्पॉट वेल्डर, म्हणजे विजेच्या क्षणिक झटक्याने सेलवर निकेलची पट्टी जोडणारे यंत्र, घेतला. बाजारात अशी यंत्रे निरनिराळ्या नावांनी, काही हजार रुपयांत मिळतात आणि त्यांची अंतर्गत रचना बरीचशी सारखी असते. त्यामुळे हा अभिप्राय एका नावापुरता न मानता या प्रकाराविषयीचा मानावा.

सेलला पट्टीचा डाग देण्यासाठी सोल्डरिंगची इस्त्री (तापल्या टोकाने कथील वितळवणारे हत्यार) वापरणारे कारागीर आजही आहेत. तो मार्ग मी पूर्णपणे टाळावा असे म्हणेन. सेलच्या धातूच्या तळाला कथील धरेपर्यंत इस्त्री काही सेकंद टेकवावी लागते आणि तेवढ्या वेळात उष्णता आतल्या प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यापर्यंत व झाकणाच्या सीलपर्यंत पोहोचते. ऋण टोकाला हा धोका अधिक असतो, कारण तिथे डब्याच्या पातळ पत्र्यालगतच आतली गुंडाळी बसलेली असते. स्पॉट वेल्डिंगमध्ये शेकडो अँपिअरचा प्रवाह केवळ काही मिलिसेकंद वाहतो, पट्टी आणि सेल यांच्या सांध्यावर धातू वितळतो आणि आजूबाजूचा भाग गरम होण्याआधी सारे थंडही होते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याच्या कामासाठी पायाने दाबायची मोठी स्पॉट वेल्डिंग यंत्रे आहेत आणि ती चालवणारे हात उत्तम आहेत. पण ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या तसल्या यंत्रात वेळेचे माप ५० हर्ट्झ विजेच्या आवर्तनांत मोजले जाते, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. जाड पत्र्याला ते योग्य आहे, पण ०.१५ मिमीच्या निकेल पट्टीला ते फार ढोबळ पडते. या छोट्या यंत्रात आत एक उच्च प्रवाह देणारी लिथियम पॉलिमर बॅटरी असते, मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक भाग स्विचचे काम करतात आणि वेळ मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी बदलता येते. तांब्याची टोके असलेले दोन पेन पट्टीवर टेकवले की यंत्र संपर्क ओळखते, क्षणभर थांबते आणि स्वतःहून झटका देते. घरात वेगळी जाड वायरिंग लागत नाही, आणि वीज नसतानाही काम होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत अंधारात दिवस काढलेल्या इथल्या घरांना हे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

आता मुख्य प्रश्न डागाच्या पक्केपणाचा. ०.१ मिमी जाडीची शुद्ध निकेल पट्टी हे यंत्र निःशंकपणे जोडते. ०.१५ मिमीला सेटिंग वरच्या टप्प्यावर न्यावे लागते, तरीही सांधा विश्वासार्ह होतो. ०.२ मिमीची पट्टीही जोडता येते, हा खोक्यावरचा दावा मात्र मला मान्य नाही, कारण ठिणगी उडते, काळा ठिपका उमटतो आणि पकडीने ओढल्यावर पट्टी सहज सुटून येते. डाग नजरेने पाहून त्याची पारख होत नाही. वेल्डची खरी परीक्षा पट्टी पकडीने सोलून काढण्यातच आहे. पट्टी फाटली आणि निकेलचे कण सेलवर चिकटून राहिले, तर डाग पक्का. पट्टी अखंड निघून आली, तर तो डाग नव्हे, केवळ भाजल्याची खूण. प्रत्येक पॅकच्या आधी जुन्या, पूर्ण रिकाम्या सेलवर ही चाचणी करावी आणि मगच नव्या सेलला हात लावावा.

हाताच्या दाबाचाही यात मोठा वाटा आहे. दोन्ही पेन उभे, सारख्या दाबाने आणि एकमेकांपासून तीन ते पाच मिमी अंतरावर धरावे लागतात. दाब कमी पडला तर टोकाखालीच प्रतिरोध वाढतो, ठिणगी बाहेर उडते आणि पट्टीला भोक पडते. दाब प्रमाणाबाहेर झाला तर संपर्काचा प्रतिरोधच घटतो आणि सांध्यावर पुरेशी उष्णता निर्माण होत नाही. पट्टीच्या मधोमध, दोन पेनांच्या मध्ये येईल अशी चीर कापली तर प्रवाहाला पट्टीतून आडवे पळता येत नाही, त्याला सेलच्या पृष्ठभागातून जावेच लागते आणि त्याच सेटिंगवर डाग लक्षणीय पक्का होतो. चीर असलेल्या तयार पट्ट्याही मिळतात. या यंत्राची ताकद मर्यादित असल्याने त्याच घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे.

या प्रकाराची सर्वांत मोठी मर्यादा यंत्राच्या स्वतःच्या बॅटरीत आहे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आतली बॅटरी ४.२ व्होल्टवरून ३.७ वर आली, म्हणजे व्होल्टेज सुमारे १२ टक्क्यांनी उतरले, तर बाकी सर्व तेच राहूनही उष्णता साधारण २२ टक्क्यांनी घटते. पडद्यावर चार्जचे निम्मे ठोकळे दिसत असतात आणि काम सुरळीत चालल्यासारखे वाटते, पण सकाळी ज्या सेटिंगवर पट्टी फाटत होती, त्याच सेटिंगवर ती आता सोलून निघते. म्हणून मी ०.१५ मिमीच्या पट्टीचे काम यंत्र पूर्ण चार्ज असतानाच करते आणि मध्येमध्ये चाचणीचा डाग देऊन पाहते. विक्रेते हजारो डागांचा आकडा सांगतात. तो पातळ पट्टीवर आणि कमी सेटिंगवर मोजलेला असणार, हे गृहीत धरून चालावे.

यंत्रासोबत आलेली नमुन्याची पट्टी वापरू नये, कारण ती बहुधा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. पोलादाचा प्रतिरोध जास्त असल्याने ते पटकन वेल्ड होते, आणि नवख्या माणसाला यंत्र फारच जोरदार असल्याचा भास होतो. शुद्ध निकेलची ८ मिमी रुंद, ०.१५ मिमी जाड पट्टी घेतली तर १० सेंटिमीटर लांबीचा प्रतिरोध सुमारे ६ मिलिओहम येतो. पोलादाचा तो बराच अधिक. आपल्याकडे तर गंजाचाही प्रश्न आहे. गगनबावड्याच्या पावसात आणि औषधाच्या पाण्यात भिजणाऱ्या पंपात मुलाम्याची पट्टी कापलेल्या कडेपासून तांबरत जाते. पट्टीवर खोल ओरखडा काढून ती मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवावी. गंज दिसला तर ती पोलादाची, हे निश्चित.

फवारणी पंपासाठी मी ३२७०० आकाराचे (३२ मिमी व्यासाचे, ७० मिमी लांब), ६ अँपिअर-अवरचे आठ सेल घेते. दोन-दोन समांतर आणि असे चार गट एकसरीत जोडले की १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-अवरचा पॅक तयार होतो. आठही सेलचे मिळून वजन साधारण १.२ किलो भरते, तर जुनी बॅटरी अडीच किलोच्या आसपास असते. पाठीवर आधीच १६ ते २० लिटर द्रावण असलेल्या माणसाला हा फरक दिवसभर जाणवतो. डाग देण्याआधी सर्व सेलचे व्होल्टेज मल्टीमीटरने जुळवून घ्यावे. धन टोकाभोवती इन्सुलेशन कागदाची चकती बसवणे अनिवार्य आहे, कारण डब्याची वरची कडासुद्धा ऋणच असते आणि तिच्यावरून जाणारी पट्टी घासून शॉर्ट होऊ शकते. बीएमएसच्या, म्हणजे पॅकला जास्त किंवा कमी चार्जपासून जपणाऱ्या बोर्डाच्या, तारा ऋण बाजूपासून क्रमाने जोडाव्यात आणि त्यांच्यावर ३.२, ६.४, ९.६, १२.८ असे साधारण चढते आकडे दिसल्यावरच कनेक्टर बोर्डात बसवावा.

चार्जरविषयी एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. काही जण स्वस्तात पडते म्हणून १८६५० चे साधे लिथियम-आयन सेल तीन-तीन एकसरीत जोडून पंपात बसवतात आणि शेतकरी घरातला जुनाच लेड-ॲसिडचा चार्जर लावतो. त्या चार्जरचे १४.४ व्होल्ट तीन सेलांत वाटले गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४.८ व्होल्ट येतात, आणि त्या सेलची मर्यादा ४.२ आहे. मध्ये फक्त बीएमएस उभा असतो. तो बिघडला तर गोठ्यात किंवा माजघरात आग लागू शकते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार गटांना पूर्ण चार्जसाठी १४.६ व्होल्ट लागतात, त्यामुळे चूक झालीच तरी ती इतकी जीवघेणी ठरत नाही. तरीही पॅकसोबत त्याचाच चार्जर द्यावा आणि जुना चार्जर ग्राहकाकडून काढून घ्यावा.

यंत्रातल्या उणिवा सांगणे आवश्यक आहे. माझे यंत्र दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्ज होत नाही, एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी पिन असलेली केबलच लागते. पेनच्या तारा आखूड आहेत, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण लांब तारांत ताकद वाया गेली असती. टोके काळवंडतात आणि बारीक पॉलिश पेपरने वरचेवर घासावी लागतात. गंभीर उणीव एकच. मॉसफेट जळतो तेव्हा तो बहुधा बंद न होता कायमचा चालू अवस्थेत अडकतो. तसे झाल्यास पेन टेकताच प्रवाह अखंड वाहू लागेल, आणि या यंत्रात आतली बॅटरी तोडणारा स्वतंत्र स्विच किंवा फ्यूज नाही. म्हणून कामाच्या सुरुवातीला पहिला झटका नेहमी सुट्या पट्टीवर द्यावा, डोळ्यांना चष्मा लावावा, हातातले कडे-अंगठी काढून ठेवावी, आणि काम संपल्यावर पेन यंत्रातून उपसूनच ठेवावेत. घेताना विक्रेत्याला पेन निघणारे आहेत का, हे आधी विचारावे. काही यंत्रांत ते कायमचे जोडलेले असतात, आणि तशी यंत्रे मी घेणार नाही.

विजेच्या सायकलीचे मोठे पॅक बांधणाऱ्यांनी, किंवा ०.२ मिमीची पट्टी रोज वापरणाऱ्यांनी याच्या वाटेला न जाता बाहेरून जोडायच्या मोठ्या बॅटरीवर वा सुपरकपॅसिटरवर चालणारे यंत्र पाहावे. फवारणी पंप, टॉर्च, सौर कंदील आणि घरातला छोटा बॅकअप एवढे काम असेल तर हे यंत्र पुरेसे आहे, आणि पंपदुरुस्ती करणाऱ्या कोणत्याही दुकानात ते असावे असे मला मनापासून वाटते.