गेटवेज की मॉड्स: आधी कोणता पाहाल?

लेस्बियन बारचा इतिहास पडद्यावर पाहायचाय, पण 'द किलिंग ऑफ सिस्टर जॉर्ज' (१९६८) घ्यावा की 'लास्ट कॉल ॲट मॉड्स' (१९९३)?

पहिल्यात लंडनच्या चेल्सीतला गेटवेज हा खराखुरा लेस्बियन क्लब दिसतो, आणि नाचणाऱ्या बायकाही तिथल्याच. प्रत्यक्ष सुरू असलेल्या बारचं असं चित्रण दुर्मीळ. पण कथा बाहेरच्या नजरेची आहे. त्या बायका स्वतःबद्दल काही बोलत नाहीत.

दुसरा माहितीपट. सॅन फ्रान्सिस्कोतला मॉड्स हा लेस्बियन बार १९६६ ते १९८९ चालला. तिथल्या बायकाच आठवणी सांगतात. बारची मालकीण रिकी स्ट्रायकर, तरी १९७१पर्यंत कॅलिफोर्नियात काउंटरमागे दारू द्यायला बाईला नोकरीवर ठेवता येत नसे; मालकिणीनं स्वतः उभं राहायचं, नाहीतर पुरुष ठेवायचा! हा अन्याय ऐकायलाच हवा.

त्या काळचा बार डोळ्यांनी पाहायचा असेल तर पहिला. अशी जागा का हवी होती हे समजून घ्यायचं असेल तर दुसरा. एकच पाहणार असाल, तर माझं मत मॉड्सला.