युद्धनौकांच्या लाकडांतून उभे राहिलेले दुकान : लंडनचे लिबर्टी

पैठणच्या माळवदाच्या वाड्यात लहानाचा मोठा झालेला माणूस कुठेही गेला तरी आधी तुळया पाहतो. मुलीकडे लंडनला गेलो असता ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरील लिबर्टी या कापडाच्या प्रसिद्ध दुकानात माझे तेच झाले.

काळ्या लाकडी चौकटी आणि मधला पांढरा गिलावा यांमुळे ही इमारत इंग्लंडच्या सोळाव्या शतकातील ट्यूडर राजवटीतली भासते. प्रत्यक्षात ती १९२४ सालची असून एडविन टी. हॉल आणि त्यांचे पुत्र एडविन स्टॅन्ली हॉल यांनी तिचा आराखडा केला. १८७५ साली पूर्वेकडील रेशमी कापडाचा व्यापार सुरू करणारे आर्थर लेझनबी लिबर्टी १९१७ मध्येच निवर्तल्यामुळे त्यांना ती पाहता आली नाही. जुन्या शैलीची नक्कल म्हणून तिला कोणी नावे ठेवली, तरी मला तो आक्षेप पटत नाही, कारण येथील लाकूड ब्रिटिश आरमाराच्या ‘इम्प्रेग्नेबल’ आणि ‘हिंदुस्तान’ या मोडीत काढलेल्या दोन युद्धनौकांचे आहे आणि डेकच्या फळ्याच येथे पायाखाली आहेत. आमचा वाडा उतरवला तेव्हा सागवानी खांब वजनावर विकले गेले, खांबांखालची दगडी उथळी अंगणात पडून राहिली. त्यामुळे या फळ्यांवरून चालताना मी बराच वेळ खालीच पाहत होतो.

मात्र इमारतीचा खरा जीव तिच्या तीन चौकांत आहे. चहूबाजूंनी कोरीव कठड्यांचे लाकडी सज्जे, त्यांमागे घरातल्यासारख्या छोट्या खोल्या, काहींत अजून शेकोटीच्या जागा, आणि वरच्या काचेतून थेट तळमजल्यापर्यंत उतरणारा उजेड. आपल्या चौकात पाऊसही पडतो, येथे फक्त प्रकाश येतो, एवढाच फरक. गिऱ्हाइकाला एखाद्याच्या घरी आल्यासारखे वाटावे, हा रचनेमागचा हेतू मला पहिल्याच सज्जात जाणवला. कठड्यावर हात ठेवला तर लाकूड गुळगुळीत लागते, जुन्या उंबरठ्यासारखे.

खरेदी करायची नसली तरी येथे अवश्य जावे. लिफ्ट टाळून लाकडी जिन्याने चढावे आणि सर्वांत वरच्या सज्जातून खाली पाहावे; दिवस चढलेला असेल, तर तळाशी मांडलेल्या रुमालांचे रंग तेवढ्या उंचीवरूनही वेगवेगळे ओळखता येतात.