फुगीर धारेचा चाकू: वॉटर पेपर घ्यावा की दगड?

स्वीडनच्या फॅलक्निवेन कंपनीचा एफ१ हा चाकू १९९५ पासून स्वीडिश हवाई दलाच्या वैमानिकांकडे आहे. पातं ९७ मिमी लांब, पाठीला ४.५ मिमी जाड. त्याच्या दोन्ही बाजू सरळ न उतरता हलकी गोलाई घेत धारेशी मिळतात, हीच फुगीर धार. धारेच्या मागे पोलाद भरपूर राहतं, म्हणून लाकूड फोडतानाही ती टिकते. पण हीच गोलाई सपाट दगडावर पूर्ण टेकत नाही. त्यामुळे असा चाकू घेतला की धार कशावर लावायची हा प्रश्न येतोच.

घरी करणार असाल तर माझं मत वॉटर पेपरला, म्हणजे बारीक सँडपेपरला. रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात ६००, १००० आणि २००० नंबरचे कागद अगदी स्वस्तात मिळतात. जुन्या माऊसपॅडवर कागद चिकटपट्टीने ताणून बसवायचा. पातं आडवं ठेवून पाठीच्या दिशेने, म्हणजे धार मागे ठेवून, ओढायचं. उलट ढकललंत तर कागद फाटणार. खालचा पॅड किंचित दबतो आणि कागद गोलाईला बिलगतो, सगळी गंमत त्यात आहे. घातही त्यातच आहे: जोर दिला की कागद धारेच्या मागे वर उचलला जातो आणि धारेचं टोकच गोल करून टाकतो. चाकूच्या वजनाइतकाच दाब पुरतो. आधी धारेवर मार्करने रेघ मारा. दोन-चार वेळा ओढून शाई बघा: वरच्या भागातलीच गेली असेल तर पाठ थोडी उचला, फक्त धारेच्या टोकावरची गेली असेल तर खाली आणा. एका बाजूने ओढत राहिल्यावर दुसऱ्या बाजूला नखाला अडकणारी बारीक कड लागली, की बाजू बदलायची.

दगडाला हात बसलेला लागतो. ओढता ओढता मनगटाने पाठ हळूहळू उचलावी लागते, तरच गोलाई राहते. नाही जमलं तर टोकाशी छोटी सरळ धार तयार होते. त्याने आभाळ कोसळत नाही, चाकू कापतोच. पुढच्या वेळी कागदावर ती मिसळून टाकता येते. दगडाची खरी जागा सॅकमध्ये. फॅलक्निवेनचाच डीसी४ एका अंगाला हिऱ्याचा, दुसऱ्याला सिरॅमिकचा, खिशात मावणारा आणि पाण्या-तेलाशिवाय चालणारा. मुक्कामाच्या ट्रेकला माऊसपॅड कोण नेणार?

सायकलच्या चाकावर धार लावून देणाऱ्याकडे मात्र हा चाकू देऊ नका. विळी-कात्रीला ते ठीक, पण इथे गोलाई तर जातेच, शिवाय ठिणग्या उडत असताना तापलेल्या धारेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. खाचेतून ओढायचं ते स्वयंपाकघरातलं यंत्रही नकोच.

बहुतेक वेळा कागद आणि दगड दोन्ही लागत नाहीत. लाकडी पट्टीवर चिकटवलेलं चामडं आणि त्यावर धार घासायचं हिरवं पॉलिश, एवढ्यावर धार परत येते. कागदाची वेळ आली हे ओळखायचं टोमॅटोवरून: चामड्यानंतरही चाकू सालीवरून घसरत असेल तरच ६०० काढा. म्हणून पैसे मोजकेच असतील तर पहिली खरेदी चामडं आणि कागद, दगड नंतर.

फुगीर धारेचे चाकू करणाऱ्या बार्क रिव्हर या अमेरिकन कंपनीचे बरेच चाकू ए२ नावाच्या पोलादाचे असतात आणि ते गंजतात. सह्याद्रीच्या पावसात चामडी म्यान पाणी धरून ठेवतं. घरी आल्यावर चाकू बाहेर काढा, पुसा, तेलाचा हात फिरवा आणि म्यान वेगळं वाळू द्या.