डबा ओरिजिनल, आतला क्लच रंगवलेला : 80,850 रुपये गेले

लिहू की नको करत दोन महिने घालवले. बावीस वर्षं ट्रकच्या धंद्यात आहे, इंदूरात ट्रान्सपोर्ट नगरातली नवी पोरं पार्ट घेण्याआधी मला विचारायला येतात, आणि मीच रंग मारलेला जुना क्लच ओरिजिनलच्या भावात उचलून आणला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं. पण परवा शेजारच्या गाडीवाल्याच्या हातात अगदी तसाच डबा दिसला, मग राहवलं नाही. हसायचं असेल तर सगळं वाचून झाल्यावर हसा.

गाडी दहाचाकी, क्लच 380 मिमीचा. आधीचा सेट 1,70,000 किमी चालला होता, डिसेंबर 2024 मध्ये चढावर घसरायला लागला, म्हणजे इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलेना. बदलणं आलंच. अधिकृत काउंटरवर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटचे 19,850, एक रुपया कमी नाही आणि माल दोन दिवसांनी. इकडे मालवाल्या पार्टीचा फोनवर फोन.

आता काही जण लगेच म्हणतील, आफ्टरमार्केट, म्हणजे अधिकृत काउंटरबाहेरचं, घेतलं ना, भोगा मग. जरा थांबा. आफ्टरमार्केट म्हणजे डुप्लिकेट नव्हे, हे डोक्यात बसवा आधी. ट्रकची कंपनी क्लच स्वतः बनवत नाही, वॅलिओ, ल्यूक, साक्स, लाईप असल्या क्लचवाल्यांकडून घेते आणि आपल्या डब्यात भरून विकते. त्यांच्याच स्वतःच्या डब्यात घेतला तर बहुतेक वेळा स्वस्त पडतो. त्याच्या खाली लोकल माल, जो लोकल म्हणूनच लोकलच्या भावात विकतात. माझ्या जुन्या गाडीत, जी पीथमपूर-देवासच करते, मी स्वतः 8,500 चा लोकल सेट टाकलाय आणि तो बिचारा चालतोय. तक्रार त्याची नाहीच. लोकल घेतला असता तरी माझे एवढे हाल झाले नसते, कारण मग या दहाचाकीला घाटात पाठवलंच नसतं. मी ओरिजिनल समजून 18 टन लादले.

दुकान मिस्त्रीने सांगितलं. (मिस्त्रीला काउंटरवरून कमिशन मिळतं हे मला माहीत नाही का? माहीत आहे. सगळ्यांना मिळतं. तरी गेलो.) दुकानदार आपला मराठी निघाला, वय तिशीच्या आत, मला काका काका करून चहा मागवला, गणपतीत कुठल्या मंडळात असता वगैरे विचारलं. म्हणाला, "काका, कंपनीचाच माल आहे, 16,800 द्या. बिल घेतलंत तर 28 टक्के जीएसटी लागेल, कशाला उगीच?" डब्यावर होलोग्राम, पार्ट नंबर बरोबर, एमआरपीचं स्टिकर बरोबर. आपल्या माणसाने आपल्याला तीन हजार सोडले म्हणून मी मनातल्या मनात खूशसुद्धा झालो. लाज वाटते आता.

आणि आता तो क्षण, जो रात्री झोपताना डोळ्यांसमोर येतो. मी प्रेशर प्लेट डब्यातून काढून हातात घेतली. मधे त्या डायफ्राम स्प्रिंगच्या फिंगर, म्हणजे पट्ट्या, असतात ना, ज्यांच्यावर रिलीज बेअरिंग दाबतं, त्यांच्या टोकांवर काळ्या रंगाखाली एक गोल खड्डा जाणवला. दिसला नाही, अंगठ्याला लागला. न वापरलेल्या प्लेटला बेअरिंगचा घासा येईल कुठून? कुठूनच नाही! बावीस वर्षांत शेकडो जुन्या प्लेटा पाहिल्या, तो घासा मला अंधारात कळेल. वर अंगठा काळा झाला. मी विचारलं, हे काय? पोरगा म्हणाला, "गंज लागू नये म्हणून ऑईल असतं काका." आणि मी अंगठा पॅंटला पुसला आणि पैसे मोजले. ऑईल चिकट असतं हो, रंगाला थिनरचा वास येतो, मला दोन्हीतला फरक कळत नाही असं नाही. पण समोर चहाचा कप, गाडी खोलून पडलेली, पार्टी ओरडतेय, कोणाचंही डोकं चालणार नाही.

डब्यावरचा क्यूआर स्कॅन केला नाही का, असं विचाराल. केला. "हा कोड आधी तपासला गेला आहे" असं आलं. पोरगा म्हणे, मीच तपासून ठेवतो गिऱ्हाइकासाठी. आधी तपासलेला कोड दिसला की त्या जागेवरून उठा, दुसरं काही ऐकू नका.

तर खर्च. सेट 16,800, रिलीज बेअरिंग 1,650, फ्लायव्हील फेसिंग, म्हणजे क्लच टेकतो ती चकती घासून सपाट करणं, 1,200, मजुरी 3,500. मिस्त्रीने "जुना सेट राहू द्या इथेच, मजुरीत पाचशे कमी करतो" म्हटलं आणि मी हो म्हटलं. तोच माझा जुना सेट आज रंग लावून कोणाच्या तरी गाडीत बसलेला असणार, पैजेवर सांगतो. जुना पार्ट सोडू नका. रिकामा डबाही सोडू नका, होलोग्राम धड असलेला डबा भंगारवाल्यापेक्षा जास्त भावाने जातो, फाडूनच टाका.

आठवड्यात ड्रायव्हरचा फोन, शेठ, पहिल्या गिअरला गाडी थरथरतेय. मिस्त्री म्हणाला, नवीन क्लच आहे, बसायला वेळ लागतो. हे खरंच आहे, लागतो, म्हणून मी गप्प. एकोणिसाव्या दिवशी जालन्याहून सळई भरून येताना इंदूरजवळच्या भेरूघाटात क्लच प्लेटचं लायनिंग उडालं. रात्री दोन वाजता. ज्यांनी भेरूघाटाचा जाम पाहिलाय त्यांना सांगायला नको. मागे चार किलोमीटर रांग, माझ्या ड्रायव्हरने किती शिव्या खाल्ल्या त्याचा हिशेब नाही.

बाकीचा आहे. टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढून, इंदूरला आणायचे 9,000. सळई उतरवायला हायड्रा क्रेन 5,500. सळई पोचवायला दुसरी गाडी 12,000. उशीर झाला म्हणून पार्टीने भाड्यातून कापले 4,000. काउंटरवरून नवा सेट आणि बेअरिंग मिळून 22,000, मजुरी 4,000, रिवेटांनी फ्लायव्हीलवर चरे पाडले होते म्हणून पुन्हा फेसिंग 1,200. पहिल्याचे 23,150 धरून एकूण 80,850. बायको म्हणते, खरा सेट तर तसाही घ्यावाच लागला असता, तो कशाला मोजता? बरोबर आहे तिचं. मी मोजतो.

खोलल्यावर प्लेट पाहिली. जुन्याच प्लेटवर नवं लायनिंग ठोकलेलं, रिवेट दोन वेगवेगळ्या मापांचे, आणि मधल्या स्प्लाइनचे दात घासून टोकदार झालेले. हे मी आधी उलटवून बघितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

दुकानदार म्हणाला, हा माझा मालच नाही, बिल दाखवा. काका म्हणणं बंद.

मग ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी म्हणाले ही देवाणघेवाण आहे, सिव्हिल मॅटर. तिसऱ्या दिवशी मी भारतीय न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या कलम 318 चं नाव काढलं तर म्हणाले, नकली माल म्हणजे ट्रेडमार्कचा विषय, तक्रार कंपनीने करावी, शिवाय जप्तीला डीएसपी दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी रजिस्ट्रारचं मत लागतं. जप्तीपुरता कायदा तसाच आहे, नंतर वकिलाने सांगितलं, पण म्हणून साधा अर्जसुद्धा घ्यायचा नाही? पोच मागितली तर माझ्याकडे असं बघितलं जणू नकली क्लच मीच विकला. कंपनीला फोटो पाठवले, तर ईमेल आला की जीएसटी बिल जोडा. तक्रारीच्या हेल्पलाइनवर नोंदवलं, तिथून एक बाई तीनदा फोन करून विचारतात, "समाधान झालं ना? बंद करू?" काय समाधान झालं, बाई? चौथ्यांदा न विचारताच बंद केली. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणतो, 2019 च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेला माल बसत नाही, स्वतः राबून पोट भरणाऱ्यालाच सूट, आणि तुमच्याकडे दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, समोरचा तिथेच धरेल. म्हणजे एका गाडीवाला मी ग्राहक, दोन गाड्या झाल्या की मी कोण? टॅक्स भरताना बरा सगळ्यांच्या लक्षात राहतो! आणि प्रत्येक टेबलावर शेवटी एकच प्रश्न, बिल? ते तेव्हाचे 28 टक्के वाचवायच्या नादात मीच सोडलं होतं. बिल घ्या. शिव्या घालत घ्या पण पक्कं घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या.

तो फसवा सेट सध्या आमच्या गॅलरीत आहे. बायको रोज म्हणते, भंगारात द्या एकदाचा. कसा देऊ? पंधरा दिवसांत पुन्हा रंगून त्याच डब्यात बसेल. गॅस कटरवाल्याला विचारलं, प्लेटीचे तुकडे करून द्यायचे 150 मागतोय. रविवारी घेऊन जातो. म्हणजे 81,000 पूर्ण.