वाचनपेटीत जुन्या गोष्टी की नव्या?

गावच्या शाळेची वाचनपेटी भरायची आणि पैसे चाळीस पुस्तकांपुरतेच, तर मुली-बायकांचं चित्रण बघून काय निवडावं?

जुन्यात ‘श्यामची आई’ (१९३५) आहे. आई घराचा कणा, पण आपण तिला लेकाच्याच डोळ्यांनी पाहतो. ‘गोट्या’, ‘फास्टर फेणे’मध्ये गोष्ट पोरांभोवती फिरते. ‘गोट्या’ लिहिणाऱ्या ताम्हनकरांनी ‘चिंगी’ही लिहिली, ती मिळाली तर सोडू नका. या पुस्तकांची मराठी कसदार आहे. सहावी-सातवीला मोठ्यानं वाचून दाखवा, लहानांना जड जाते.

नव्या चित्रपुस्तकांत मुलगी प्रश्न विचारते, झाडावर चढते, बाबा पोळ्या लाटतात. पहिली ते चौथीसाठी हीच घ्यावीत. दोन गोष्टी मात्र खटकतात. एक मुलगी धीट दाखवायला बाकीच्या साऱ्या भित्र्या करतात. आणि अनुवादाची मराठी कधीकधी इतकी गुळगुळीत असते की वऱ्हाडी बोलणाऱ्या पोरांना ती आपली वाटत नाही.

खरी उणीव दोन्हीकडे सारखीच. चित्रात शेतकरी औत हाकतो आणि बायको दुपारी शिदोरी घेऊन येते. आपल्याकडे निंदण बायका करतात, सीतादही (वेचणी सुरू करताना वावरात करायची पूजा) करून कापसाच्या वेचणीला लागतात त्याही बायकाच. मुलीनं आई रोज वावरात पाहिलेली असते, पुस्तकात ती चुलीपाशीच सापडते. शहरातली मुलगी बदलली, वावरातली बाई तिथंच राहिली.

म्हणून विकत घेण्याआधी शेवटची दोन पानं वाचा: अडचण कोणी सोडवली? मग चित्रांतल्या बायका मोजा, त्यांतल्या स्वयंपाकघरात किती? मुलगी रडते, लाजते, याशिवाय काही करते का? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी १८८२ सालीच ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला होता. आपण निदान पुस्तकांना विचारू.

चाळीसपैकी पंचवीस नवी, दहा जुनी घ्या. उरलेल्या पाचांच्या पैशांत कोऱ्या वह्या आणा. आजीकडून भुलाबाईची गाणी त्यांत उतरवून घ्यायला लावा. आईचा वेचणीचा दिवसही लिहू द्या: सकाळी किती वाजता निघाली, कमरेला कोणतं फडकं बांधलं, संध्याकाळी काट्यावर किती किलो कापूस भरला. चित्रं पोरांनीच काढावीत आणि वही पुस्तकांसोबत पेटीत ठेवावी.