लंडनहून विंडसर–स्टोनहेंज–बाथ कोच टूर: तीनपैकी एक ठिकाण गाळा

लंडनमधल्या बऱ्याच टूर कंपन्या कोचची, म्हणजे मोठ्या बसची, ही एका दिवसाची सहल विकतात. सकाळी आठच्या सुमारास निघायचं, संध्याकाळी सात-आठला परत. या बारा तासांतले सहाएक रस्त्यातच जातात. उरलेल्यात तीन ठिकाणं म्हणजे प्रत्येकी जेमतेम दोन तास, आणि रांगा, जेवण, टॉयलेट सगळं त्यातच.

पैसे वसूल होतात ते स्टोनहेंजला, म्हणजे माळरानावरच्या प्रागैतिहासिक शिळांच्या वर्तुळाला. तिथे जवळ रेल्वे स्टेशन नाही. स्वतः जायचं तर सॉल्सबरीपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. कोच व्हिजिटर सेंटरपाशी थांबतो, शिळा तिथून सुमारे 2 किलोमीटरवर, मध्ये शटल बस. नेहमीच्या तिकिटावर दोरीबाहेरूनच फेरी मारता येते. बहुतेक जण सेल्फी काढून परततात आणि सगळ्यात उंच शिळेच्या डोक्यावरचा गोल उंचवटा बघायचा राहतो. वरच्या आडव्या शिळेच्या खोबणीत तो बसवलेला होता. चक्क सुतारकामातला सांधा, पण दगडात! आडवी शिळा पडली म्हणून तो उघडा दिसतो. गाइड आपणहून हे दाखवत असेल तर गाइड चांगला. माळरानावर वारा इतका की छत्री उलटते. टोपीवालं जॅकेटच घ्या. जाताना कोचमध्ये उजवीकडची खिडकी पकडा, शिळा रस्त्यावरूनच दिसतात.

हाच रस्ता, ए-303, घात करतो. स्टोनहेंजजवळ तो दोन्ही दिशांना एकेकच लेनचा होतो आणि वीकेंडला गाड्या तुंबतात. इथल्या बोगद्याची योजना 2024 मध्ये सरकारने रद्द केली, त्यामुळे लवकर सुटका नाही. झालेला उशीर कापला जातो बाथच्या वेळातून. ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती कायद्यानेच घ्यावी लागते, म्हणून उशिरा येणाऱ्यासाठी कोच थांबत नाही. त्यात उद्धटपणा काही नाही.

बाथमध्ये रोमन बाथ्सनाच, म्हणजे रोमन काळच्या गरम पाण्याच्या स्नानकुंडांनाच, दीड तास हवा. साधारण 46 अंशांचं पाणी, रोज 11 लाख लिटरहून जास्त, जमिनीतून वर येतं. त्या कुंडात उतरता येत नाही. पाणी हिरवं दिसतं ते शेवाळामुळे: रोमन काळी वर छप्पर होतं, आता ऊन थेट पडतं. बुकिंग करताना तिकीट धरलंय की नुसता शहरात ‘फ्री टाइम’ आहे, हे नीट वाचा. फरक इथेच लपवलेला असतो.

गाळायचं ते विंडसर. तिथला राजघराण्याचा किल्ला एरवी मंगळवार-बुधवार बंद. रविवारी सेंट जॉर्ज चॅपल पर्यटकांना बंद, आणि दुसऱ्या एलिझाबेथ राणीची समाधी नेमकी तिथेच. शिवाय विमानतळासारखी तपासणी. वॉटर्लूहून थेट ट्रेन तासाभरात पोचवते, मग घाईघाईत कोचने कशाला? फक्त स्टोनहेंज आणि बाथ असलेली टूर शोधा.

शाकाहारी असाल तर डबा बरोबर ठेवा. बाथला खायला भरपूर मिळतं, पण बसून जेवलात की बाथ्स गेले. कोचमध्ये गार खाणं सहसा चालतं, गरम आणि वासाचं नाही. डिसेंबरात चारलाच सूर्य मावळतो, तेव्हा स्टोनहेंज दुपारच्या आत उरकणारीच टूर घ्या.