वयाचा आकडा दिसतो, थांबायची जागा दिसत नाही: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या घरी गेम कन्सोल, मुलांच्या प्रोफाइलसह स्ट्रीमिंगचं सदस्यत्व आणि मुलांसाठीचा ई-रीडर घेऊन वर्ष होत आलं. वापरणारी माणसं वेगवेगळ्या वयांची: धाकटी सहा वर्षांची, थोरला अकरा, आम्ही दोघं चाळिशीतले आणि सासूबाई बहात्तरच्या. पिन कुठे टाकायचा, वयाची मर्यादा कशी लावायची हे वापरणाऱ्यांना माहीत असतंच, त्यात जात नाही. लिहायला बसले ती कन्सोलने घातलेल्या एका गोंधळामुळे आणि त्यावरून कंपनीशी झालेल्या पत्रापत्रीमुळे.

थोरला जुन्या धाटणीचा एक रोल-प्लेइंग गेम (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा) खेळतो. त्यात मनात येईल तेव्हा सेव्ह करता येत नाही, ठरावीक खोलीत पोचलं तरच होतं. बराच वेळ खपून तो शेवटच्या राक्षसाला भिडला होता, राक्षसाची जीवनरेषा अगदी टोकाला आली होती, आणि ‘आजची वेळ संपली’ अशी पाटी येऊन गेम बंद! ‘आई, अगं सेव्ह नव्हतं झालं!’ एवढंच म्हणाला आणि कंट्रोलर ठेवून आत गेला. भरल्या ताटावरून उठवावं तसं झालं त्याला, आणि त्यात त्याची काडीचीही चूक नव्हती.

या कन्सोलवर वेळेच्या मर्यादेला दोनच पर्याय आहेत. एकात कोपऱ्यात बारीकशी सूचना येते आणि खेळ चालूच राहतो. दुसऱ्यात खेळ आहे तिथेच बंद. ‘पुढच्या सेव्हपर्यंत चालू दे’ असा मधला पर्याय नाही. मुलाला आणखी पाच मिनिटं मागता येतील असं बटण नाही. ग्राहक सेवेला लिहिलं, तर उत्तर आलं की मर्यादा लावणं-काढणं पालकांच्याच हाती आहे, आणि सोबत मदतीच्या पानाचा दुवा. माझा प्रश्न तो नव्हताच. पुन्हा नीट समजावून लिहिलं, पुन्हा तोच दुवा आला, फक्त खालची सही बदललेली. शेवटी ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ असं कळवून तक्रार मला न विचारताच निकालात काढली. एका साध्या पर्यायासाठी इतकी टोलवाटोलवी! मला याचा अजूनही राग आहे.

त्या रागातच गेमच्या डब्यांवरचे वयाचे आकडे नीट पाहायला घेतले. युरोपातली ‘पेगी’ ही पद्धत २००३ पासूनची, तिचे आकडे ३, ७, १२, १६ आणि १८. अमेरिकेतली ‘ईएसआरबी’ १९९४ ची. त्याच्या आदल्या वर्षी गेममधल्या हिंसेवरून तिथल्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या होत्या, आणि सरकारने कायदा आणण्याआधी गेम उद्योगानेच ही व्यवस्था उभी केली. तिचा जन्मच असा झाल्यामुळे तिचं लक्ष अजूनही तिथेच असतं: रक्त किती दिसतं, शिव्या आहेत का, भीती कितपत, जुगार आहे का. हे मोजायलाच हवं आणि बहुतेक वेळा ते व्यवस्थित मोजलेलं असतं. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या जगातल्या गेमला पेगी ७ देते आणि ईएसआरबी १०+. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या साहसी गेमला उलट पेगीचा आकडा १२, तर ईएसआरबीचा १०+. या फरकावरून लोक हिरिरीने भांडतात. मला त्यात भांडण्यासारखं काही दिसत नाही. हाणामारी, भीती आणि शिव्या यांना कोण किती वजन देतं, ते देशागणिक वेगळं असणारच.

माझी अडचण निराळी आहे. हे आकडे आत काय आहे ते सांगतात, पण हातातलं सोडून उठायला जागा कुठे आहे ते सांगत नाहीत. गेम कठीण आहे की सोपा, हेही पेगी वय ठरवताना पाहत नाही. म्हणून ३ आकड्याचा फुटबॉलचा गेम सहा वर्षांच्या मुलीला जमेलच असं नाही. थोरल्याच्या त्या गेमवर ७ चा शिक्का होता. अकराव्या वर्षी त्यातलं त्याला काहीच वावगं नव्हतं, वावगी होती ती फक्त सेव्हची रचना. खरेदीच्या बाबतीत मात्र पावलं पडली आहेत. गेममध्ये पैसे खर्चायची सोय असेल तर तशी खूण २०१८ पासून डब्यावर येऊ लागली, आणि गेममधल्या विकतच्या पेटीत काय निघेल ते नशिबावर असेल तर २०२० पासून तेही लिहितात. जर्मनीत गेमचं वय ठरवणारी ‘यूएसके’ तर २०२३ पासून वय ठरवतानाच अशा खरेदीचा आणि अनोळखी लोकांशी होणाऱ्या गप्पांचा विचार करते. म्हणजे रक्त आणि शिव्यांपलीकडचंही मोजता येतं. ‘कधीही सेव्ह होतं’ किंवा ‘एक फेरी साधारण इतक्या मिनिटांची’ एवढी एक ओळ छापणं त्यापेक्षा अवघड नसावं.

आता टीव्ही. मुलांच्या प्रोफाइलमधली निवड चांगली आहे, हे आधी सांगते. वर्षभरात धाकटीच्या यादीत नको ते एकदाही घुसलं नाही. पण आपोआप सुरू होणारा पुढचा भाग! ही एक गोष्ट सगळ्या चांगुलपणावर पाणी फिरवते. तिचे कार्यक्रम सात-आठ मिनिटांचे, मन लावून बनवलेले. गोष्ट पुरी होते, सगळे हसतात, शेवटची धून वाजते. त्या धुनेवर ती टीव्हीसमोर गिरक्या घेत नाचते. आपोआप पुढे जाण्याची सोय चालू असली की धून सुरू होताच चित्र कोपऱ्यात आक्रसतं, आकडे उलटे मोजले जातात आणि नाच निम्मा होण्याआधी नवीन भाग सुरू. मग ती होती तिथेच मट्कन खाली बसते. सोय बंद असली तर धून शेवटपर्यंत वाजते, नाच पुरा होतो आणि बहुतेक वेळा ती आपणहून दुसरीकडे वळते. म्हणजे कार्यक्रम करणाऱ्यांनी मुलाला उठायला जागा दिलेली आहे, दाखवणाऱ्यांनी ती बुजवली.

ही सोय बंद करता येते, पण टीव्हीवरच्या ॲपमधून नाही. संगणकावर खातं उघडा, प्रोफाइल निवडा, आतल्या पानावर जा, खूण काढा. तेवढंही केलं. तर एका अपडेटनंतर खूण परत जागेवर! सात वर्षांखालच्या प्रोफाइलवर ही सोय मुळातच बंद असावी आणि हवी असेल त्याने चालू करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

इथपर्यंत लिहून बाजूला ठेवलं होतं. मधल्या काळात कन्सोलबद्दलचं माझं मत बरंच निवळलं, आणि कंपनीचा त्यात काहीही वाटा नाही. आम्ही मिनिटांची मर्यादाच काढून टाकली आणि खेळाच्या स्वतःच्या मापाने मोजायला लागलो. मारिओ कार्ट या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये एका कपात, म्हणजे एका स्पर्धेत, चार शर्यती असतात. ‘एक कप’ ठरला की चौथ्या शर्यतीनंतर बक्षीस समारंभ होतो, कोण कितवा ते कळतं आणि विषय संपतो. माइनक्राफ्टमध्ये तर घड्याळ आतच आहे. तिथला एक अख्खा दिवस, रात्र धरून, आपल्या वीस मिनिटांचा. अंधार पडला की राक्षस निघतात, आणि धाकटीला ते नकोच असतात. ती सूर्य कलायला लागला की धावत आपल्या लाकडी घरात येते, दार लावते, कोंबड्या कुंपणात आहेत का ते खिडकीतून बघते आणि पात्राला पलंगावर निजवते. सकाळ झाली की कंट्रोलर खाली. ‘दोन सूर्यास्त’ म्हटलं की तिला कळतं. ‘इतकी मिनिटं’ म्हटलं तर सहाव्या वर्षी त्याचा अर्थ शून्य. गेम आपोआप सेव्ह होतो, त्यामुळे काही गमावायची भीती नाही. सक्तीचा टायमर लावून जितकं रडणं व्हायचं त्याच्या पावपटही आता होत नाही. लहान मुलांसाठी गेम निवडताना मी आता आधी हे बघते की त्याला दिवस, फेरी, पातळी असं नैसर्गिक माप आहे का.

थोरल्याच्या त्या गेमला असं माप नाही, म्हणून तो सुट्टीच्या दिवशी, सकाळी, टायमर पूर्ण बंद ठेवून. राक्षस त्याने मारला, ही बातमी त्याच्या आग्रहाखातर इथे नोंदवते.

पुस्तकांच्या बाबतीत हा प्रश्न शतकानुशतकं सुटलेला आहे, त्याला प्रकरण म्हणतात. चित्रांची पुस्तकं तर बहुतेक बत्तीस पानांची असतात. कारण छपाईतलं: मोठ्या कागदाच्या घड्या घालून पानं आठाच्या किंवा सोळाच्या पटीत निघतात. पण त्या बत्तीस पानांत गोष्टीला सुरुवात, वळण आणि शेवट सगळं बसवावं लागतं, आणि झोपेआधी मोठ्याने वाचायला ते अगदी बेतशीर होतं. पुस्तकांवर वयाचा आकडा नसतो, ही अनेकांची तक्रार मी ऐकली आहे. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकांवर वय छापायचं ठरवलं, तेव्हा फिलिप पुलमन यांच्यासह कितीतरी लेखकांनी जाहीर विरोध केला होता. मुलाला आपल्याहून लहानांचं पुस्तक हातात धरायची लाज वाटेल, हा त्यांचा एक मुद्दा होता. घरात मी नेमकं तेच बघते. थोरला धाकटीची चित्रांची पुस्तकं पालथं पडून मनापासून वाचतो. त्यावर ‘५+’ असं ठळक छापलेलं असतं तर त्याने ती मित्रांसमोर नक्कीच उचलली नसती.

ई-रीडरवर मात्र हाच प्रकार मागच्या दाराने आला आहे. प्रोफाइलमध्ये जन्मवर्ष घातलं की दुकान त्याच वयाची पुस्तकं पुढे करतं. अकरा वर्षांच्या मुलाला प्राणिशास्त्राचं मोठ्यांचं पुस्तक हवं होतं, ते माझ्या खात्यातून त्याच्याकडे वळवावं लागलं. शिवाय वाचलेल्या मिनिटांचे बिल्ले मिळतात. बिल्ल्यासाठी तो पानं उलटायला लागला, तेव्हा ते आम्ही बंद केले. यंत्र चांगलं आहे, चार्जिंग आठवडेच्या आठवडे टिकतं, डोळ्यांना त्रास नाही. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं नाही.

राहिल्या सासूबाई. वयाचे सगळे आकडे १८ ला संपतात, त्यापुढचं माणूस सगळ्यांच्या मते सारखंच. त्यांना टेट्रिस आवडतो, वरून पडणारे तुकडे रचून ओळी पुऱ्या करायचा. १९८४ चा हा गेम, नियम एका वाक्यात कळतात, हिंसा नावालाही नाही. पण आजकालच्या आवृत्तीत मागची चित्रं इतकी हलती आणि झगमगीत की पडणारे तुकडे त्यांना वेगळे दिसत नाहीत. ‘अगं, हा पिवळा कुठे गेला?’ हा प्रश्न मी रोज ऐकते. सेटिंगमध्ये पार्श्वभूमी साधी करता येते, हे सापडायला आम्हाला कित्येक आठवडे लागले. टीव्हीवरच्या उपशीर्षकांचा आकार त्यांना पुरत नव्हता. तो बदलायची सोयही पुन्हा संकेतस्थळावर, टीव्हीवर नाही! टेट्रिसची अंतहीन पद्धतही त्यांना नको असते, चाळीस ओळी पुऱ्या केल्या की संपणारा प्रकार त्या निवडतात. ‘संपलं की बरं वाटतं,’ म्हणतात. बहात्तराव्या वर्षी आणि सहाव्या वर्षी गरज एकच निघाली, हे मला या वर्षात कळलेलं सगळ्यात मोलाचं.

एक अडचण कुठल्याच पद्धतीने सुटलेली नाही. प्रोफाइल प्रत्येकाचं वेगळं, पण टीव्ही दिवाणखान्यात एकच. थोरला १२ आकड्याचं काही लावतो तेव्हा धाकटी सोफ्याच्या मागे उभी असतेच. म्हणून खोलीतल्या सगळ्यात लहान माणसाचं वय तेच टीव्हीचं वय, असा नियम केला आहे, आणि त्याची झळ दर वेळी थोरल्याला बसते. तो कुरकुर करतो, ती मला रास्त वाटते. त्याला हातात धरून खेळायची पद्धत आणि हेडफोन दिले आहेत.

कन्सोल घ्यावा का, तर घ्यावा, पण त्याच्या टायमरच्या भरवशावर नाही. ई-रीडर डोळे झाकून घ्यावा, बिल्ले पहिल्याच दिवशी बंद करावेत. स्ट्रीमिंगचं सदस्यत्व वर्षाचं भरलं होतं, यापुढे महिन्याचं घेणार आहे. पुढच्या अपडेटनंतर ती खूण पुन्हा आपोआप लागली, तर त्याच महिन्यात बंद.